कुंपणाला करवंद की मोरपंखी? जून-जुलैच्या लागवडीसाठी सल्ला

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की पुणे जिल्ह्यात कुंपणाच्या रोपांची शोधाशोध सुरू होते. बंगल्याची हद्द असो, फळबागेचा बांध असो की फार्महाऊसचं फाटक, विचारणा बहुतेक वेळा दोनच रोपांची असते. रोपवाटिकेत मोरपंखी हिरवीगार आणि रेखीव दिसते. शेजारच्या पिशवीतलं करवंद काटकुळं, वेडंवाकडं. तिथे उभं राहून ठरवलं तर मोरपंखीच गाडीत चढणार. म्हणून रोपवाटिकेत जायच्या आधी आपल्या जमिनीत खड्डा करून पाहा.

दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने काठोकाठ भरा आणि जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसलं, तर त्या जागी मोरपंखी जमिनीत थेट लावू नका. मुळाशी पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि मुळं कुजतात. दौंड, इंदापूर, बारामतीकडच्या खोल काळ्या जमिनीत हा धोका मोठा. मावळ-मुळशीच्या मुरमाड उतारावर पाऊस कितीतरी जास्त पडतो, पण पाणी निघून जातं, म्हणून तिथे मोरपंखी तुलनेने सुखी असते.

काळ्या जमिनीत खड्डा मोठा करून त्यात मुरूम-वाळू भरायची सवय अनेकांना आहे. त्याने उलटं होतं. भोवतालची काळी माती पाणी सोडत नाही आणि भुसभुशीत खड्ड्याचा हौद बनतो. त्यापेक्षा जमिनीच्या वर एक फूट उंच आणि तीन फूट रुंद वरंबा करा, त्यात स्थानिक मातीतच मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा आणि रोप वरंब्यावर लावा.

करवंदाला एवढं लाडात घ्यावं लागत नाही. ते सह्याद्रीचंच झुडूप. चार महिने झोडपणारा पाऊस आणि पुढे सात-आठ महिने कोरडं, हे चक्र त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर कातळाच्या फटीतसुद्धा ते तग धरतं. मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची, सूचिपर्णी वर्गातली. तिला फळ नाही, बारीक शिंगं असलेले निळसर-हिरवे शंकू येतात. थंडी ती आरामात काढते. तिचे आपल्याकडचे कठीण महिने एप्रिल-मे.

मोरपंखी लावताना

दूरच्या रोपवाटिकांमधून येणाऱ्या रोपांच्या मुळांभोवती बऱ्याचदा चिकट तांबड्या मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच जमिनीत गेला की पुढे वर्षभर त्रास देतो. आळ्यात दिलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं. बाहेरची माती ओली आणि गोळा आतून वीट झालेला. पिशवी किंवा गोणपाट पूर्ण काढा, गोळा थोडा भिजवा आणि बाहेरचा इंचभर थर लाकडी खुंटीने हलका मोकळा करा. गोल गोल फिरलेली मुळं दिसली तर तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या. गोळा फोडून मात्र टाकू नका. गोळ्याचा माथा जमिनीच्या पातळीपेक्षा इंचभर वर राहू द्या आणि खोडाला माती चढवू नका. दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवा.

पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला एक पातळ सळई थेट गोळ्यात खुपसून पाहा. कोरडी निघाली तर आळं कितीही ओलं दिसत असलं, तरी रोप तहानलेलं आहे. ड्रिपर खोडाजवळ, गोळ्यावरच ठेवा आणि रोप पसरेल तसा बाहेर सरकवा.

मोरपंखी दुखणं उशिरा दाखवते. आधी शेंडे मळकट, राखी हिरवे होतात, मग तांबूस. झाड तांबूस दिसायला लागतं तेव्हा मुळं बरेच दिवस आधी गेलेली असतात. त्या वेळी घाबरून पाणी वाढवणारे उरलीसुरली मुळंही कुजवतात. आधी माती उकरून पाहा, मग पाण्याचं ठरवा.

आतल्या बाजूची जुनी पानं तपकिरी होऊन गळतात, ते स्वाभाविक आहे. तिथे ऊन पोचत नाही. हाताने झटकून तो कचरा काढला की हवा खेळती राहते. पण फेब्रुवारीनंतर बाहेरची पालवी धुरकट होऊ लागली तर पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर हलणारे बारीक ठिपके म्हणजे लाल कोळी ही रस शोषणारी कीड. आधी तीन-चार दिवसांच्या अंतराने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुवा. तरी राहिला तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. कडक उन्हात गंधकाने पालवी करपते.

करवंद लावताना

दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर घ्या. एका ओळीत अडीच फुटांवर रोप लावलं तर १०० फूट कुंपणाला साधारण ४० रोपं लागतात. जनावरांचा उपद्रव असेल तर दोन ओळी, मध्ये दोन फूट अंतर आणि रोपं नागमोडी. प्रत्येक रोपाला तीन-चार किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड पुरे. अर्धकच्चं शेणखत घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) ओढवून घेतली असं समजा.

लावल्यावर रोप जमिनीपासून एक फुटावर छाटा. इथेच बहुतेकांचा हात थांबतो, कारण हौसेने आणलेलं रोप कापवत नाही. न छाटलेलं करवंद वर वाढतं आणि खाली उघडं राहतं. मग त्या फटीतून कुत्री-डुकरं आरामात ये-जा करतात आणि पुढे ती फट आपोआप भरत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा दोन फुटांवर छाटा. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा, काटे पक्के झाले की ते स्वतःचं बघतं.

रोपं घरी करायची तर पिकलेल्या करवंदांचं बी गर धुऊन, एक-दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पिशवीत टोचा. साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घसरते. फळासाठी लावत असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात घ्या. तिची रोपं कलमी किंवा गुटीची (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेली), खात्रीच्या ठिकाणचीच आणा.

छाटणी

दोघांमधला सर्वांत मोठा फरक कात्रीखाली कळतो. करवंद चूक पोटात घालतं. खोडापर्यंत कापलं तरी पाऊस पडला की फुटतं. मोरपंखीच्या जुन्या फांदीवर, जिथे हिरवी पालवी उरलेली नाही, तिथे नवी फूट येत नाही. एकदा आत लाकडापर्यंत कात्री गेली की ते भोक झाडाच्या जन्माचं. म्हणून मोरपंखीचे फक्त हिरवे शेंडे, यंदाच्या वाढीच्या तिसऱ्या हिश्शाइतके, ऑगस्टअखेर खुडा. बुंधा रुंद आणि माथा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पालवीला ऊन मिळेल. एप्रिल-मे मध्ये कात्री लावू नका, आतली कोवळी पालवी उन्हाने भाजते. वादळी पावसात फांद्या फाकतात, त्यांना सुतळीने सैल बांधा, तार नको.

करवंदाची फुलं फांदीच्या टोकाला येतात. दिवाळीनंतर कुंपण नीटनेटकं करायला म्हणून छाटलं तर फेब्रुवारी-मार्चचा बहर कात्रीबरोबर जातो आणि मग ‘झाडाला फळच धरत नाही’ अशी तक्रार येते. छाटणी फळ उतरल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करा. भिंतीसारखं सपाट कुंपण आणि भरपूर करवंदं दोन्ही मिळत नाहीत. आमच्या मते रस्त्याकडची बाजू छाटावी आणि आतली बाजू व माथा मोकळा सोडावा. कापताना पांढरा चिकट चीक गळतो, हातांना आधी खोबरेल लावा आणि जाड हातमोजे घाला. काटेरी छाट वाटेवर पडू देऊ नका, टायर आणि पाय दोन्ही जातात. मोरपंखीचा छाट शेळ्या-जनावरांपुढे टाकू नये, तो खाऊन त्यांना अपाय होतो.

लहान मुलं खेळतात तिथून करवंद किमान चार फूट लांब हवं. बांधावर करवंद आणि फाटकाशी, निचऱ्याच्या वरंब्यावर, दोन-चार मोरपंखी ही जोडणी जिल्ह्यातल्या बहुतेक जमिनींना मानवते.

नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, पोळ्याच्या आत भरून घ्या. करवंदाची नांगी त्याच जागी भरली तरी चालते. मोरपंखी कुजून मेली असेल तर जुनी मुळं आणि त्याभोवतीची माती काढून टाका, वरंबा आणखी अर्धा फूट उंच करा आणि नवं रोप त्या जागेपासून दोन फूट सरकवून लावा.