यलोस्टोनमधून आरव्ही बाहेर काढताना कुठला रस्ता घ्यायचा

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला पाच गेट आहेत आणि बरेच जण ज्या गेटने आले त्याच गेटने परत जातात, प्लीज असं करू नका. निघायचा दिवस अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस होऊ शकतो. फक्त मॅपवरचे मैल मोजायच्या आधी आपली आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, बघा, लांबी किती, मागे कार किंवा ट्रेलर ओढताय का, आणि चालवणाऱ्याला घाटाची सवय आहे का.

माझं मत ईशान्येच्या गेटला. पहाटेच निघा म्हणजे लामार व्हॅली उजाडताना मिळते, बायसन रस्त्यावर आले तर शांतपणे थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही, आणि खाली उतरलात तर बायसनपासून 25 यार्ड, अस्वल-लांडग्यांपासून 100 यार्ड लांब राहायचं हा पार्कचा नियमच आहे. पुढे कुक सिटी, आणि तिथून साधारण 14 मैलांवर फाटा लागतो, खरं ठरवायचं ते इथे.

सरळ गेलात तर बेअरटूथ हायवे. खिंड 10,947 फुटांवर, झाडं संपतात, नुसती तळी आणि बर्फ, आणि मग रेड लॉज गावाकडे उतरताना एकामागून एक हेअरपिन वळणं. छोटी कॅम्परव्हॅन आणि हवा स्वच्छ असेल तर डोळे झाकून हाच घ्या. पण हा रस्ता साधारण मे अखेर ते ऑक्टोबर मध्य एवढाच चालू असतो आणि भर उन्हाळ्यातही बर्फ पडून बंद होऊ शकतो.

गाडी मोठी असेल किंवा मागे काही जोडलेलं असेल तर फाट्यावर उजवीकडे, चीफ जोसेफ बायवे. घाट इथेही आहे पण उंची बरीच कमी, डेड इंडियन पास ही खिंड 8,071 फूट, वर थांबायला जागा आहे तिथे थांबाच, 1877 मध्ये नेझ पर्स जमातीचे मूळ अमेरिकन लोक अमेरिकन सैन्याला चुकवत याच डोंगरांतून निसटले होते, वरून ते सगळं रान दिसतं. पुढे उतरून कोडी गाव.

उतार सुरू व्हायच्या आधीच लो गिअर टाका, सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून पकडच जाते. जळका वास आला की बाजूला घेऊन गार होऊ द्या. मागे गाड्या साचल्या तर टर्नआउटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, घेऊन त्यांना जाऊ द्या.

घाटाचं टेन्शनच असेल तर पूर्वेचं गेट. सिल्व्हन पास 8,524 फूट आहे खरा, पण तो उतरलात की नदीकाठाने वापिटी व्हॅलीतून आरामात कोडीला. दक्षिणेच्या गेटने गेलात तर टीटनचे डोंगर अप्रतिम दिसतात, फक्त जॅक्सन गावाहून आयडाहो राज्यात जाणारा टीटन पास 10 टक्के चढाचा आहे, ट्रेलर असेल तर तो नकोच.

आणि टाकी आदल्या रात्रीच फुल करा, रोड स्टेटसही तेव्हाच पार्कच्या वेबसाइटवर बघून ठेवा, कारण लामारकडे नेटवर्कचा भरवसा नाही.