रुग्णालयात इमिग्रेशनचे अधिकारी आले तर काय करायचं: कॅलिफोर्नियाचा नियम आणि बाकीची राज्यं

अमेरिकेत शाळा, प्रार्थनास्थळं, रुग्णालयं अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई शक्यतो करू नये, अशी फेडरल (केंद्र सरकारची) सूचना बरीच वर्षं होती. २० जानेवारी २०२५ रोजी ती मागे घेतली गेली. तेव्हापासून दवाखान्याच्या दारात काय घडेल हे बरंचसं राज्याच्या कायद्यावर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तयारीवर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात रुग्णालयांनी अशा वेळी काय करायचं ते सांगणाऱ्या एसबी ८१ या राज्याच्या कायद्यावर २० सप्टेंबर २०२५ला सही झाली. तो लगेच लागू झाला आणि तयारीला ४५ दिवस मिळाले.

तयारी जागेपासून सुरू होते. लॉबी, कॅफेटेरिया, पार्किंग इथे रस्त्यावरचा कुणीही येतो, तसे अधिकारीही वॉरंटशिवाय येऊ शकतात. जिथे उपचार होतात किंवा रुग्ण आपली माहिती सांगतो, ती जागा खासगी ठरवायची, नकाशावर दाखवायची आणि तशी पाटी लावायची. मात्र नुसती पाटी पुरत नाही. गडबडीत उघडं राहिलेलं दार पाटी असूनही उघडंच असतं, म्हणून तिथे बॅजवर उघडणारं कुलूप हवं. लॉबीतून जे सहज दिसतं ते अधिकारीही बघू शकतात. काउंटरवरचा स्क्रीन आत वळवा आणि रुग्णांची नावं लिहिलेला फळा हलवा.

मग माणूस ठरवा. प्रत्येक पाळीला एकच जबाबदार व्यक्ती, ती नसेल तर दुसरी, आणि दोघांचे फोन नंबर काउंटरवर. रात्रपाळी आणि रविवार हमखास विसरले जातात. बाकी सगळ्यांनी एकच वाक्य पाठ करायचं: “आत सोडायचा अधिकार मला नाही. ज्यांना आहे त्यांना बोलावतो, तोवर इथेच थांबा.” ‘या, बसा’ म्हणत दार धरून ठेवायची आपली सवय इथे महागात पडते, कारण ती संमती मानली जाऊ शकते.

खरी कसोटी कागदाची. वर ‘वॉरंट’ छापलं म्हणजे दार उघडावंच लागतं असं नाही. आय-२०० आणि आय-२०५ हे फॉर्म इमिग्रेशन खात्याचेच अधिकारी सही करून काढतात. त्यांच्या जोरावर खासगी भागात शिरता येत नाही. न्यायालयाच्या वॉरंटवर न्यायालयाचं नाव असतं, उदाहरणार्थ ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’, आणि खाली न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेट जजची सही. तेवढ्यावर थांबू नका. कोणत्या जागेची झडती घ्यायची ते बघा, आणि मुदतही बघा: फेडरल झडतीचं वॉरंट जास्तीत जास्त १४ दिवसांत बजावावं लागतं. न्यायालयाचं अटक वॉरंट आणि झडतीचं वॉरंटही वेगळं असतं. कागदाची प्रत काढून वकिलाला पाठवा. हा निर्णय काउंटरवरच्या माणसाने घ्यायचा नाही.

नकार देऊनही अधिकारी आत शिरले तर अडवू नका. ‘आमची संमती नाही’ असं स्पष्ट सांगा आणि नावं, बॅज नंबर, वेळ, ते कुठे गेले हे लिहून ठेवा. रुग्णाला लपवणं, मागच्या दाराने काढणं किंवा खोटं सांगणं यातलं काहीही करू नका. त्यातून गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो.

माहिती दारापेक्षा जास्त सहज निसटते. हिपा हा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा फेडरल कायदा पोलिसी यंत्रणांना काही परिस्थितींत माहिती द्यायची मुभा देतो. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. कॅलिफोर्नियात आता इमिग्रेशनचा दर्जा आणि जन्मस्थान हीसुद्धा वैद्यकीय माहिती धरली जाते. दर्जा केसपेपरवर लिहूच नका. जन्मस्थान क्षयरोगासारख्या तपासणीसाठी लागत असेल तेवढंच नोंदवा. सगळ्यात दुर्लक्षित फट म्हणजे रुग्णसूची: नाव घेऊन विचारणाऱ्याला रुग्ण कोणत्या खोलीत आहे ते रुग्णालय सांगू शकतं. त्या यादीतून नाव वगळायचा हक्क रुग्णाला आहे. तो दाखल होतानाच सांगा.

बाकीच्या राज्यांत चित्र वेगळं आहे. फ्लोरिडात मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या रुग्णालयांना २०२३पासून फॉर्मवर इमिग्रेशनचा दर्जा विचारावा लागतो. टेक्ससमध्ये गव्हर्नरच्या आदेशाने १ नोव्हेंबर २०२४पासून ही माहिती गोळा होते. दोन्हीकडे रुग्णाने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, आणि राज्याला जातात ते फक्त एकूण आकडे, नावं नव्हेत. उत्तर काहीही असो, उपचार अडत नाहीत. इमर्जन्सीत आलेल्या प्रत्येकाची तपासणी करून त्याला स्थिर करायचं बंधन १९८६च्या फेडरल कायद्याने घातलेलं आहे. रांगेतला घाबरलेला माणूस हे न कळल्याने परत जातो, म्हणून फॉर्म हातात देतानाच त्याच्या भाषेत हे सांगा.

भारतातून मुलांकडे आलेले आई-बाबा या फॉर्मपाशी हमखास गोंधळतात. व्हिजिटर व्हिसावर आलेली व्यक्ती मुदतीच्या आत असेल तर ती कायदेशीर वास्तव्यातच आहे. मुदत पासपोर्टवरच्या व्हिसावरून धरायची नाही, ती आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर असते. त्या नोंदीची छापील प्रत त्यांच्या औषधांच्या यादीसोबत ठेवा.