लॉगमध्ये ‘लिंक डाऊन’ दिसतंय?

कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, ‘लिंक डाऊन’ (नेटवर्कची जोडणी तुटली) आणि दोन सेकंदांत ‘लिंक अप’ (पुन्हा जुळली) अशी जोडी दिसली की नेटवर्क कार्ड बदलायला धावू नका. ‘अप’च्या ओळीतला वेग बघा. 1000 चा 100 एमबीपीएस झाला असेल तर संशय आधी केबलवर घ्यावा. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. पणजी, वास्कोकडची खारी, दमट हवा कनेक्टरच्या पिना हळूहळू खाते. पावसाळ्यात हे बघाच. लिनक्सवर ईथटूल या नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा टिपून ठेवा, केबल बदला, तासाभराने पुन्हा बघा. आकडा वाढायचा थांबला तर दोष केबलमध्येच होता. ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ (कार्डाकडून डेटा पाठवणं अडकलं) या ओळीचं प्रकरण वेगळं, तिथे कार्डाचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) यांपासून सुरुवात करा.