प्रश्न आधी, मोबाइल नंतर: वर्गातील शोधप्रकल्पाची आखणी

वर्गात प्रकल्प घ्यायचे ठरले की पहिली चर्चा बहुधा कोणते अ‍ॅप वापरायचे यावर होते, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. आखणी प्रश्नापासून करावी. शोधयंत्रावर दोन मिनिटांत ज्याचे उत्तर मिळते, तो प्रश्न मुलांना फार तर उतरवून काढायला शिकवतो. 'ध्वनिप्रदूषण म्हणजे काय?' हा तसा प्रश्न आहे. 'आपल्या वर्गात सर्वांत जास्त गोंगाट केव्हा होतो आणि तो कशाने कमी होईल?' याचे उत्तर मात्र मोजल्याशिवाय कोणालाच, अगदी शिक्षकालाही, देता येत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवरील निबंधात मुलांनी मनापासून हाती घेतलेल्या हेतुपूर्ण कृतीवर भर दिला होता, आणि मुलांचा स्वतःचा प्रश्न असल्याशिवाय असा हेतू निर्माण होत नाही.

प्रश्न ठरल्यावर प्रत्येक गटाने मोजणीपूर्वी आपला अंदाज कारणासह वहीत लिहावा आणि त्याखाली तारीख घालावी. ही पायरी वेळेअभावी हमखास गाळली जाते. ती गाळली की नंतर प्रत्येक जण 'मला हे माहीतच होते' असे म्हणतो.

आता मोबाइल. चार-पाच जणांच्या गटाला एक फोन पुरतो. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप फोनमधील संवेदकांची मोजमापे दाखवते आणि त्यात ध्वनीची पातळीही डेसिबलमध्ये मोजता येते. मात्र फोनचा मायक्रोफोन प्रमाणित केलेला नसतो. एकाच जागी शेजारी ठेवलेले दोन फोन वेगवेगळे आकडे दाखवतात. हा दोष लपवू नये. दोन्ही फोन मुलांसमोर टेबलावर ठेवावेत, एकदा टाळी वाजवावी आणि 'यातला खरा आकडा कोणता?' असे विचारून गप्प बसावे. एकच फोन, एकच जागा, तेवढाच कालावधी आणि किमान तीन वेळा मोजणी, हे नियम या चर्चेतून मुले बरेचदा स्वतःच मांडतात. मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करू नये. आकड्यांची नोंद पुरेशी आहे.

नोंदी स्प्रेडशीटमध्ये भराव्यात: तारीख, वेळ, जागा, आकडा आणि त्या क्षणी वर्गात काय चालले होते. शेवटचा रकाना मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण खरा शोध तिथेच लागतो, कारण सर्वांत मोठा आकडा बोलण्याचा नसून तास संपताना सरकवलेल्या खुर्च्यांचा आहे, हे त्याच रकान्यातून कळू शकते. सरासरी काढताना सावध राहावे. डेसिबल ही लॉगॅरिदमवर आधारलेली मोजपट्टी असल्याने (दर १० डेसिबलला तीव्रता दहापट होते) ६० आणि ८० यांची साधी सरासरी ७० येते, तर ध्वनीच्या तीव्रतेची सरासरी काढून ती पुन्हा डेसिबलमध्ये मांडली की सुमारे ७७ मिळतात. वरच्या इयत्तांत हा गणिताचा उत्तम धडा होतो; खालच्या इयत्तांत मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेऊन पुढे जावे.

गुण देताना सादरीकरणाच्या रंगीत स्लाइड बाजूला ठेवून वही पाहावी. अंदाज कुठे चुकला, कोणती नोंद का वगळली आणि पद्धत मध्येच का बदलली, हे ज्या गटाने लिहिले असेल त्याने काम केले आहे.

शेवटचा आठवडा उपायासाठी राखून ठेवावा. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात आणि पहिल्यासारखीच मोजणी त्याच फोनने, त्याच जागी पुन्हा करावी. आकडा खाली आला नाही, तर ती मोजणीही तितक्याच ठळकपणे आलेखात दाखवावी आणि मुलांना पुढचा प्रश्न त्याच आलेखाखाली लिहू द्यावा.