व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं झोपवणं: कोविडकाळातलं संशोधन वाचताना या चुका टाळा

२०२० मध्ये रुग्णाला पालथं केलं की मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा चढायचा आणि आयसीयूत सगळ्यांना हायसं वाटायचं. त्या घाईत निघालेले कित्येक छोटे शोधनिबंध या आकड्यावरच थांबले. आकडा सुधारला म्हणजे जीव वाचला, असं धरून चालू नका. २००१ मध्ये इटालियन संशोधकांनी ३०४ रुग्णांवर चाचणी केली. रोज साधारण सात तास पालथं ठेवल्यावर ऑक्सिजन वाढला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. २०१३ च्या 'प्रोसेव्हा' चाचणीत ४६६ गंभीर रुग्ण होते आणि एका वेळी किमान १६ तास पालथं ठेवलं होतं. तिथे २८ दिवसांतले मृत्यू उताण्या गटात ३२.८ टक्के, तर पालथ्या गटात १६ टक्के होते. विशेष म्हणजे कुणाचा ऑक्सिजन किती वाढला, यावरून कोण जगणार हे सांगता आलं नाही. फुफ्फुसावरचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि व्हेंटिलेटरने होणारी इजा कमी होते, हाच खरा फायदा असावा. म्हणून दोन तासांत आकडा हलला नाही म्हणून रुग्णाला लगेच उताणं करणं मला चुकीचं वाटतं.

'पालथे केलेले जास्त वाचले' असं वाचलंत, तर चिठ्ठी टाकून गट पाडले होते का, ते आधी बघा. समजा, एखाद्याला तिसऱ्या दिवशी पालथं केलं. म्हणजे तो तिसऱ्या दिवसापर्यंत जगला होताच. पहिल्याच दिवशी दगावलेला रुग्ण मात्र आपोआप 'उताण्या' गटात मोजला जातो. ही वेळेची गफलत दुरुस्त केली नसेल, तर उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतो.

जागे रुग्ण आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण यांची सरमिसळही नको. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी पोटावर झोपण्याचा सल्ला दिला, तो स्वतः श्वास घेणाऱ्यांसाठी होता. त्याला 'प्रोसेव्हा'चे आकडे जोडू नका. २०२१ मध्ये सहा देशांतल्या ११०० हून अधिक जाग्या रुग्णांच्या एकत्रित चाचणीत व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ कमी जणांवर आली, पण मृत्यूंत स्पष्ट फरक दिसला नाही.

शेवटी, दुष्परिणामांचा तक्ता वगळू नका. रुग्णाला वळवायला चार-पाच जण लागतात आणि डोक्याशी उभा असलेला एक जण फक्त नळी सांभाळतो. गाल, हनुवटी, छातीवर दाबाच्या जखमा होतात, त्या उताण्या रुग्णांपेक्षा जास्त. निबंधात त्यांची नोंदच नसेल, तर त्या झाल्या नाहीत असं समजू नका.