कलमांत भागी घेण्याआधी पट्ट्या वाचा

हापूसचं नवं कलम लावलं की भरवशाचं उत्पन्न हातात यायला आठ-दहा वर्षं जातात. नोकरी सोडली तेव्हा मी 44 वर्षांची होते, एवढं थांबायला वेळ नव्हता. म्हणून पावसजवळच्या एका काकांच्या चालत्या बागेत भागी घेतली. त्यांना आता फवारणीचा पाइप ओढवत नव्हता, मुलं दोघंही मुंबईत. अशा बागा कोकणात गावोगाव आहेत. मी मात्र पैसे आधी दिले आणि बाग नंतर समजून घेतली. तुम्ही उलट करा.

पैसे देण्याआधी एक अख्खा हंगाम बागेत काढा. पावसाळा संपल्यावर बेणणी, म्हणजे बागेतलं गवत कापणं, वेळेवर होते का बघा. वाळलेलं गवत राहिलं तर एका वणव्यात कलमं जातात. मोहोरावर तुडतुडे आणि भुरी आली की फवारणीचा निर्णय कोण घेतं, तेही बघा. आणि प्रत्येक कलमाखाली उभं राहून वर पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये मोहोरासाठी मुळाशी कल्टार हे वाढ रोखणारं औषध घालतात, त्याचं माप झाडाच्या घेरावरून ठरतं. वर्षानुवर्षं जास्त घातलेलं असेल तर फांदीच्या टोकाला पानं मुठीसारखी आखडलेली दिसतात, नवी पालवी बोटभरच निघते. आमच्याकडे अशी 17 कलमं निघाली. ती मी पूर्ण किमतीत धरली होती.

किंमत एका वर्षाच्या पेट्यांवरून कधीच ठरवू नका. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी पाठ फिरवतो. निदान पाच वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, मागा. वाशीच्या दलालाकडून येणारी पट्टी नीट वाचायला शिका: किती पेट्या, काय दर, हमाली, गाडीभाडं आणि शेवटी ‘उचल वजा’, म्हणजे दलालाकडून आधीच घेतलेल्या पैशांची वजावट. माझ्या पहिल्या हंगामातल्या पट्ट्यांवर त्या शेवटच्या ओळीनंतर जवळजवळ काही उरतच नव्हतं. काकांनी दोन वर्षांपूर्वी औषधांसाठी घेतलेली उचल फिटत होती. त्यांनी लपवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. कायद्याने नवा भागीदार येण्याआधीचं देणं त्याच्या डोक्यावर बसत नाही, पण दलाल ते मालातूनच वळतं करून घेतो आणि माल तर दोघांचा. म्हणून जुनी उचल किती, ती कोणाच्या हिश्शातून फिटणार, हे करारात आकड्यासकट लिहा.

जमिनीचं वेगळं. सातबारा, आठ-अ आणि फेरफार तिन्ही काढा. सामाईक नावं किती आहेत ते मोजा, इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा बँकेचा बोजा आहे का वाचा. तुम्ही शेतकरी नसाल तर 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमिनीची खरेदी होत नाही, भाडेपट्टासुद्धा नाही. वडिलांच्या गावचा सातबारा माझ्या नावावर आहे, तरी मी जमीन मागितलीच नाही. भागी फक्त धंद्यात: फवारणी, मजुरी, पेट्या, विक्री. भागीदारी नोंदवून घ्या. नोंदणी नसली तर करारावरून भागीदाराविरुद्ध कोर्टात दावा लावता येत नाही.

करारात नुकसानीचं कलमही घाला. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, रात्रभर आंबा पडण्याचा आवाज येत होता. सकाळी गडग्याच्या कडेने आम्ही क्रेटच्या क्रेट भरले आणि पेटीचा माल कॅनिंगला किलोवर दिला. तोटा कसा वाटायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकांनी अर्धा-अर्धा म्हटलं, माझा हिस्सा 40 टक्के असताना. मी मान्य केलं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

आता नवा करार आहे. काकांच्या पश्चात निदान पाच हंगाम बाग माझ्याकडेच राहील आणि मुलांना त्यांचा हिस्सा मिळत जाईल, असं त्यात लिहिलंय. दोघा मुलांच्या सह्या गणपतीत घेतल्या. दोघंही एकत्र गावात असतात ते तेव्हाच.