गच्चीवरून कक्षा आणि तारे, पीएमटी ड्रायव्हरच्या हिशेबानं

पुण्यात पीएमटीची, म्हणजे सिटी बसची, गाडी चालवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे नातीनं "आबा, उपग्रह खाली का पडत नाही?" असं विचारलं तेव्हा मला गाडीतलीच उदाहरणं सुचली.

धनकवडीतल्या आमच्या गच्चीवर डिसेंबर-जानेवारीत आभाळ बरं मिळतं. पावसाळ्यात नाद सोडा. रस्त्यावरचे दिवे डोळ्यांवर येणार नाहीत असं टाकीच्या आडोशाला बसा. चटई आणि कानटोपी हवीच. 20 मिनिटं मोबाइल खिशात ठेवा, नाहीतर डोळे अंधाराला सरावत नाहीत. टॉर्च लागलीच तर काचेवर पतंगाचा लाल कागद रबरबँडनं बांधा.

आधी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बघायचं. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर त्याच्या वेळा मिळतात. सूर्य मावळल्यानंतरचा किंवा उगवण्याआधीचा तास-दीड तास धरा, कारण तेव्हा आपण अंधारात असतो आणि ते उन्हात. पश्चिमेच्या अंगानं येतं, लुकलुकत नाही, पाचेक मिनिटांत पार होतं. दिवे उघडझाप करत असतील तर ते लोहगावचं विमान. पहिल्या खेपेला मी हाका मारून चार बिऱ्हाडं गच्चीवर गोळा केली आणि विमानच दाखवलं. अजून जिन्यात भेटले की विचारतात, "काय आबा, आज कुठलं फ्लाइट?"

आता नातीचा प्रश्न. गच्चीवरून चेंडू आडवा फेका. जितका जोरात, तितका लांब जाऊन पडणार. कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्यामुळे 8 किलोमीटरवर जमीनही तेवढीच, 5 मीटर, खाली वळलेली असते. शनिवारवाडा ते कात्रज सरळ रेषेत साधारण एवढंच अंतर. ते एका सेकंदात कापलं आणि वाटेत हवा आडवी आली नाही, तर चेंडू पडतच राहील, पण जमीन काही हाताला लागणार नाही. कक्षा म्हणतात ती हीच. स्थानक 400 किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जरा जास्त वेगानं पडत असतं आणि दीड तासात फेरी मारतं.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात, असं कोणी म्हटलं तर मानू नका. जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के ओढ तिथेही असते. स्पीडब्रेकरवरून गाडी जरा जोरात गेली की मागच्या सीटवरची माणसं क्षणभर हवेत जातात आणि मग ड्रायव्हरचा उद्धार करतात. तो जो क्षण, तो तिथे संपतच नाही. गाडीही पडतेय, पॅसेंजरही पडतायत.

जानेवारीत रात्री साडेआठला पूर्वेकडे तोंड करा. मृगाच्या पोटातल्या बाणाचे एका ओळीतले तीन तारे सापडले की काम झालं. बाणाच्या उजवीकडे फिकट पुंजका दिसतो, साध्या दुर्बिणीतून छान. तिथे वायू आणि धूळ गोळा होऊन आत्ता तारे जन्मतायत. बाणाची रेघ वर नेली की तांबूस रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा झुबका. कृत्तिका तरुण, 10 कोटी वर्षांच्या आसपास. नातीला सात दिसतात, मला चष्म्यातून पाच. आपला सूर्य 460 कोटींचा, अजून 500 कोटी वर्षं चालेल. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय, म्हणून ती फुगलीय. तिचा आज दिसणारा प्रकाश साधारण पानशेतचं धरण फुटलं त्या सुमारास, 1961 च्या आगेमागे, निघालेला.

तीच रेघ खाली नेली की व्याध. त्याला एक जोडीदार आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. विझलेल्या ताऱ्याचा निखारा, पृथ्वीएवढा, पण वजन सूर्याएवढं. सूर्याचंही शेवटी असंच होणार.

मोठ्या ताऱ्याची गत वेगळी. टाकी मोठी, पण ॲव्हरेज भिकार. बाणाच्या डावीकडची लालसर काक्षी बघा. वय जेमतेम 1 कोटी वर्षं, डायनासोर संपले तेव्हा ती जन्मलीही नव्हती, आणि आताच शेवटाला आलीय. तिचा स्फोट होणार हे नक्की. 2019 च्या अखेरीस ती एकदम मंदावली तेव्हा बराच गवगवा झाला, पण ती धूळ निघाली. लाख वर्षंही लागतील म्हणतात. नातीला ते पटत नाही. गच्चीचं दार उघडलं की ती आधी काक्षी जागेवर आहे का ते बघते, मग चटई टाकते.